सॅकच्या आकड्यात न मावणारा बचावपटू: ॲरन डोनाल्डची कारकीर्द कशी वाचावी

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवुड शहरातील सोफाय स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना, म्हणजेच सुपर बोल, खेळला जात होता. लॉस एंजेलिस रॅम्स हा संघ २३-२० असा पुढे होता, सामना संपायला मिनिटभराहून कमी अवधी होता आणि चेंडू सिनसिनाटी बेंगल्सकडे होता. आपला ताबा टिकवण्यासाठी बेंगल्सना केवळ एक यार्ड, म्हणजे तीन फूट, पुढे सरकायचे होते आणि त्यासाठी त्यांच्याकडे दोन प्रयत्न शिल्लक होते. पहिल्या प्रयत्नात चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला रॅम्सच्या ९९ क्रमांकाच्या बचावपटूने जागच्या जागी रोखले. दुसऱ्या प्रयत्नात त्याच बचावपटूने समोरचा अडसर दूर सारून जो बरो या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, मिठीत धरले, गरागरा फिरवले आणि बरोने पडता पडता कसाबसा भिरकावलेला चेंडू कोणाच्याही हाती न लागता जमिनीवर पडला. सामना तिथेच संपल्यात जमा होता.

हा बचावपटू म्हणजे ॲरन डोनाल्ड. त्याच्या कारकिर्दीतील ही सर्वांत मोलाची खेळी होती, असे म्हणायला हरकत नाही. परंतु अधिकृत नोंदीत ती ‘अपूर्ण पास’ म्हणून लिहिली गेली आणि बचावपटूचे मोठेपण ज्या आकड्याने मोजले जाते त्या ‘सॅक’च्या संख्येत तिची भर पडली नाही. सामनावीराचा मानही चेंडू झेलून निर्णायक गुण मिळवणाऱ्या कूपर कपला मिळाला. बचावपटू करतो ते काम आणि त्या कामाची होणारी नोंद यांच्यातील हे अंतर लक्षात घेतले, की डोनाल्डची दहा वर्षांची कारकीर्द, त्याचे करारासाठीचे भांडण आणि त्याची लवकरची निवृत्ती या गोष्टींचा उलगडा होतो.

त्यासाठी आधी खेळाची मांडणी थोडक्यात पाहू. मैदान शंभर यार्ड लांब असते आणि एका वेळी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. ज्यांच्याकडे चेंडू असतो त्यांना चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे जावे लागते. ते जमले तर पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. आपल्याकडच्या खेळांच्या मानाने यातली वेगळी गोष्ट अशी, की आक्रमण करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे एकाच संघाचे दोन पूर्णपणे निराळे संच असतात. फलंदाजी करणाराच पुढे क्षेत्ररक्षणाला येतो किंवा चढाई करणाराच पकडीत सामील होतो, तसे येथे सहसा होत नाही. डोनाल्ड आयुष्यभर बचावाच्याच संचात खेळला आणि त्यातही ‘डिफेन्सिव्ह टॅकल’ या जागेवर, म्हणजे बचावाच्या सर्वांत पुढच्या फळीत, अगदी मध्यभागी.

ही जागा खेळातल्या सर्वांत गर्दीच्या जागांपैकी एक आहे. आक्रमक संघाचे पाच धिप्पाड खेळाडू आपल्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखे उभे असतात. चेंडू मागे सरकताच क्वार्टरबॅक तो कोणाकडे फेकायचा हे ठरवू लागतो, आणि त्याला त्यासाठी साधारण अडीच सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात भिंत फोडून त्याच्यापर्यंत पोहोचणे हे पुढच्या फळीचे काम. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला खेळी जेथून सुरू झाली त्या रेषेच्या मागे पाडले तर त्याला सॅक म्हणतात. दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकाच्या नावावर अर्धी सॅक लिहिली जाते. म्हणूनच या आकड्यांत साडेअकरा, साडेवीस अशा संख्या दिसतात. मात्र क्वार्टरबॅकला घाई करायला लावणे, त्याला पळवणे, त्याची फेक बिघडवणे ही सारी कामे सॅकइतकीच घातक ठरू शकतात आणि तरीही सॅकच्या रकान्यात येत नाहीत.

टोकाला उभा राहणारा बचावपटू वळसा घालून धावू शकतो, त्याला मोकळी जागा मिळते. मध्यभागी उभ्या असलेल्याला वळसा घालायला जागाच नसते. त्यामुळे या जागेसाठी प्रशिक्षक परंपरेने फार जड माणसे निवडत आले. तीनशे पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो, हे वजन तेथे सामान्य समजले जाते. त्यांनी भिंतीत रुतून बसावे, धावणाऱ्यांची वाट अडवावी आणि सॅकचे श्रेय टोकाच्या खेळाडूंना मिळू द्यावे, अशी एक अलिखित वाटणी होती.

डोनाल्ड या साच्यात बसत नव्हता. २३ मे १९९१ रोजी पेन्सिल्वेनिया राज्यातील पिट्सबर्गमध्ये त्याचा जन्म झाला. वडील आर्ची डोनाल्ड यांनी घराच्या तळघरात वजने आणून व्यायामशाळा मांडली होती आणि मुलाला शाळेत जाण्यापूर्वी, पहाटे साडेचार वाजता उठवून ते त्याच्याकडून तेथे व्यायाम करून घेत. पेन हिल्स हायस्कूलमध्ये तो चमकला, तरी त्याची उंची पाहून मोठ्या विद्यापीठांनी फारसा रस दाखवला नाही. हाती आलेल्या मोजक्या प्रस्तावांतून त्याने घराजवळचे पिट्सबर्ग विद्यापीठ निवडले. अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा रस्ता बहुतेक सर्वांसाठी विद्यापीठाच्या मैदानातूनच जातो, कारण शाळा संपल्यावर किमान तीन वर्षे गेल्याशिवाय नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, खेळाडूला घेतच नाही. विद्यापीठातील शेवटच्या, म्हणजे २०१३ च्या, हंगामात डोनाल्डने ११ सॅक केल्या, प्रतिस्पर्ध्यांना रेषेमागे पाडण्याच्या २८.५ खेळी केल्या आणि आऊटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की व बेडनारिक हे चारही राष्ट्रीय पुरस्कार एकाच वर्षी घरी नेले.

एवढे करूनही शंका संपली नाही. एनएफएलमध्ये नव्या खेळाडूंचे वाटप ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होते. ही पद्धत आयपीएलच्या लिलावाच्या जवळपास उलटी आहे. येथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळते, विजेत्याला शेवटची, आणि निवडला गेलेला खेळाडू त्याच संघाशी बोलणी करू शकतो. ड्राफ्टपूर्वी खेळाडूंची उंची, वजन, वेग आणि ताकद यांची जाहीर मोजणी होते. तेथे डोनाल्डची उंची सहा फूट एक इंच आणि वजन २८५ पौंड, म्हणजे सुमारे १२९ किलो, भरले. त्याच वजनाने त्याने चाळीस यार्डांचे अंतर ४.६८ सेकंदांत कापले आणि २२५ पौंडांचा भार छातीवरून पस्तीस वेळा उचलला. मे २०१४ मधील ड्राफ्टमध्ये त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले गेले. घेणारा संघ रॅम्सच होता, पण तेव्हा तो सेंट लुईस शहरात होता. लॉस एंजेलिसला तो २०१६ मध्ये परतला. याच रॅम्सकडे त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाचीही निवड होती आणि ती त्यांनी ग्रेग रॉबिन्सन या आक्रमक फळीतील भक्कम देहाच्या खेळाडूवर खर्च केली. तीन वर्षांनी रॉबिन्सनला त्यांनी दुसऱ्या संघाकडे धाडले. मोजपट्टीवर माणसे तोलण्याच्या मर्यादा दाखवायला एकाच संघाच्या एकाच दिवशीच्या या दोन निवडी पुरेशा आहेत.

डोनाल्डची कमी उंची ही त्याची उणीव का ठरली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. पोते उचलणारा हमाल आधी गुडघ्यात वाकतो, पोत्याखाली खांदा घालतो आणि मग पायांच्या जोराने उठतो. उभ्याने हाताच्या बळावर तो पोते उचलायला जात नाही. फुटबॉलच्या भिंतीतही जो खाली असतो तोच जिंकतो, असे त्या खेळातले जुने शहाणपण आहे. दोन भारी माणसे एकमेकांना भिडतात, तेव्हा ज्याचे खांदे खाली आणि हात समोरच्याच्या छातीच्या आत असतात, तो दुसऱ्याला वर उचलू शकतो. आणि वर उचलल्या गेलेल्या माणसाच्या पायांचा जमिनीवरचा जोर सुटला की त्याचे वजन कितीही असले तरी ते त्याच्या उपयोगाचे राहत नाही. सहा फूट पाच इंचांच्या माणसाला त्यासाठी मुद्दाम खूप वाकावे लागते, डोनाल्डला फारसे वाकावे लागत नसे. यात त्याच्या पहिल्या पावलाचा वेग मिळवला, की समोरच्या भिंतीतला गार्ड आपले हात वर आणेपर्यंत हा त्याच्या खांद्याशी पोहोचलेला असे.

त्याच्या हातांबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. भिंतीतील खेळाडू बचावपटूच्या छातीला धरून त्याला थोपवू पाहतो, म्हणून ते हात झटकणे हेच अर्धे काम असते. डोनाल्ड त्यासाठी प्लॅस्टिकच्या सुऱ्यांनी सराव करत असे: प्रशिक्षक दोन्ही हातांत सुऱ्या घेऊन त्याच्यावर वार करी आणि तो ते मनगटे फिरवून बाजूला सारी. त्याची चित्रफीत प्रथम पसरली तेव्हा अनेकांना त्या खऱ्याच सुऱ्या वाटल्या. प्रकार थोडा नाटकी असेल, पण त्यामागचा विचार नेमका होता, कारण अडीच सेकंदांच्या झटापटीत हात कोणाचा आधी लागतो यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

पहिल्याच हंगामात नऊ सॅक करून तो वर्षातील सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. त्यानंतर प्रतिस्पर्धी संघांनी एक साधा उपाय योजला आणि तो त्याच्या निवृत्तीपर्यंत चालू ठेवला: त्याच्यावर एकाऐवजी दोन माणसे घालायची. येथे थोडे गणित करावे लागते. भिंतीत पाच जण असतात आणि साधारणपणे चार बचावपटू त्यांच्यावर चाल करून येतात, म्हणजे आक्रमक संघाकडे एक माणूस जादा असतो. तो जादा माणूस डोनाल्डवर खर्च केला की उरलेल्या तीन बचावपटूंसमोर प्रत्येकी एकच प्रतिस्पर्धी उरतो. त्यांतला एखादा तरबेज असेल तर त्यालाही आवरण्यासाठी सहावा माणूस मदतीला थांबवावा लागतो, आणि हा सहावा माणूस थांबला की चेंडू झेलायला धावणाऱ्यांतला एक कमी होतो. म्हणजे डोनाल्ड स्वतः कोणालाही न शिवता केवळ उभा राहून प्रतिस्पर्ध्याचा डाव आखडून टाकत होता. आरंभी सांगितलेल्या सुपर बोलमध्ये रॅम्सने बरोला सात वेळा पाडले; त्यांतल्या दोन सॅक डोनाल्डच्या होत्या, दोन वॉन मिलरच्या आणि उरलेल्या तीन इतरांच्या. त्या इतरांच्या सॅकमागे डोनाल्डभोवती गुंतलेल्या माणसांचा वाटा किती होता, ते मात्र कोणत्याही रकान्यात लिहिलेले नाही.

नोंदींचा हा प्रश्न जुनाच आहे. सॅक हा शब्द ज्याच्या नावाशी जोडला जातो तो डीकन जोन्स १९६० च्या दशकात याच रॅम्सकडून खेळत होता, पण एनएफएलने खेळाडूंच्या सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती १९८२ मध्ये. त्यामुळे जोन्सच्या खात्यावर अधिकृतपणे एकही सॅक नाही. जुन्या नोंदी चाळणाऱ्या अभ्यासकांनी पुढे त्याच्या १७३.५ सॅक मोजल्या, पण त्या अनधिकृतच राहिल्या. पुरस्कारांचीही तीच तऱ्हा आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेतर्फे दिला जाणारा हंगामातील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब आजवर दोनच बचावपटूंना मिळाला आहे, १९७१ मध्ये ॲलन पेजला आणि १९८६ मध्ये लॉरेन्स टेलरला. पेज डोनाल्डच्याच जागेवर खेळत असे आणि पुढे तो मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला, हे विषयाला थोडे सोडून असले तरी सांगावेसे वाटते.

२०१८ मध्ये डोनाल्डने २०.५ सॅक केल्या. मध्यभागी खेळणाऱ्याने एवढ्या सॅक कधीच केल्या नव्हत्या; त्याआधीचा उच्चांक १९८९ मधील कीथ मिलर्डच्या १८ सॅकचा होता. वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याला २०१७, २०१८ आणि २०२० असा तीनदा मिळाला. तीन वेळा तो मिळवणारे त्याच्यापूर्वी लॉरेन्स टेलर आणि जे. जे. वॉट हे दोघेच होते.

आता पैशाकडे वळू, कारण बचावपटूच्या कारकिर्दीचा हा भाग बाहेरून पाहणाऱ्याला सर्वांत कमी कळतो. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि त्याची रक्कम निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेली असते. पहिल्या फेरीत निवडलेल्यांच्या बाबतीत पाचवे वर्षही आपल्याकडे राखण्याचा हक्क संघाला असतो. म्हणजे खेळाडू आपल्या ऐन उमेदीची पाच वर्षे बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्तात खेळू शकतो. तेराव्या क्रमांकाचा डोनाल्डचा चार वर्षांचा करार सुमारे एक कोटी डॉलरचा होता. सामान्य माणसाला ही रक्कम डोळे दिपवणारी वाटेल, परंतु त्याच्या तोडीच्या खेळाडूंना तेवढे एका वर्षात मिळत होते. त्यातच या खेळातील करारांची खरी मेख अशी आहे, की छापून येणारा मोठा आकडा बहुधा पूर्णपणे बांधील नसतो. संघ खेळाडूला मध्येच काढून टाकू शकतो आणि मग फक्त हमी दिलेली रक्कम त्याच्या पदरात पडते. म्हणून जाणकार एकूण आकडा न पाहता हमीचा आकडा पाहतात.

खेळाडूच्या हातात तेव्हा एकच शस्त्र उरते, ते म्हणजे सरावाला न जाणे. डोनाल्डने २०१७ मध्ये हंगामपूर्व शिबिरावर पूर्ण बहिष्कार टाकला, पहिला सामनाही तो खेळला नाही आणि नंतरच्या सामन्यांत ११ सॅक करून सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा तेच केले. अखेर ३१ ऑगस्ट २०१८ रोजी रॅम्सने त्याच्याशी सहा वर्षांचा, १३.५ कोटी डॉलरचा करार केला, ज्यात ८.७ कोटींची हमी होती. बचावपटूला मिळालेला तोवरचा तो सर्वांत मोठा करार होता आणि हा विक्रम एकच दिवस टिकला, कारण दुसऱ्याच दिवशी शिकागो बेअर्सने खलील मॅकला १४.१ कोटी डॉलर देऊ केले. त्या वर्षी प्रत्येक संघाला सर्व खेळाडूंवर मिळून १७.७२ कोटी डॉलरच खर्च करण्याची मुभा होती. या मर्यादेला सॅलरी कॅप म्हणतात. एकाला अधिक दिले की बाकीच्यांचे कमी होते, म्हणून बचावपटूची किंमत ठरवताना संघ नेहमी विचारतो, की हाच पैसा क्वार्टरबॅकवर का घालू नये. सुपर बोल जिंकल्यावर, जून २०२२ मध्ये, डोनाल्डच्या कराराची फेररचना झाली आणि तीन वर्षांना ९.५ कोटी डॉलर ठरले. वर्षाला सरासरी तीन कोटी डॉलरच्या वर जाणारा, क्वार्टरबॅक नसलेला तो पहिला खेळाडू होता. शेवटच्या खेळीची सॅकमध्ये नोंद झाली नसली, तरी संघमालकांनी तिचा हिशेब धरला होता, असा याचा अर्थ मी लावतो.

हा हिशेब लवकर पूर्ण करण्याची घाई खेळाडूला का असते, याचे उत्तर शरीरात आहे. खेळाडूंच्या संघटनेच्या सांगण्यानुसार एनएफएलमधील सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नसते. भिंतीत खेळणाऱ्याच्या डोक्याला आणि मानेला जवळजवळ प्रत्येक खेळीत धक्का बसतो. त्यातला एकेक धक्का मूर्च्छा आणण्याइतका मोठा नसतो, पण वर्षानुवर्षांच्या अशा लहान धक्क्यांचा संबंध सीटीई या मेंदूच्या झिजेच्या आजाराशी असल्याचे संशोधनातून पुढे आले आहे. वीस हंगाम खेळलेला आणि २०१२ मध्ये मरण पावलेला ज्युनियर सिआऊ हा गाजलेला बचावपटू या आजाराने ग्रस्त होता, हे त्याच्या मेंदूच्या तपासणीनंतर उघड झाले. डोनाल्ड त्या मानाने सुदैवी ठरला. २०२२ मधील घोट्याच्या दुखापतीमुळे हंगामातील अखेरचे सहा सामने हुकले, तो त्याच्या कारकिर्दीतील एकमेव मोठा खंड होता.

१५ मार्च २०२४ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. वय बत्तीस होते, आदल्या हंगामात आठ सॅक झाल्या होत्या, प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी दहाही वर्षे निवड झाली होती आणि पुढच्या वर्षासाठी सुमारे तीन कोटी डॉलर वाट पाहत होते. तो ते सोडून घरी गेला. १५४ सामने आणि १११ सॅक हा त्याचा अखेरचा हिशेब. फुटबॉलच्या कीर्तिमंदिरातील, म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’मधील, प्रवेशासाठी खेळाडूला निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागते, त्यामुळे त्याच्या नावाचा विचार २०२९ मध्ये होऊ शकेल.

रॅम्सने त्याच्या जागी त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधून एकाऐवजी दोघांना आणले. पहिल्या फेरीत टोकाला खेळणारा जॅरेड व्हर्स आणि दुसऱ्या फेरीत मध्यभागी खेळणारा ब्रेडन फिस्क, दोघेही फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे. हंगामअखेरीस फिस्कच्या ८.५ सॅक झाल्या होत्या आणि व्हर्सच्या ४.५. सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा पुरस्कार मात्र व्हर्सला मिळाला, कारण मतदारांनी त्याने क्वार्टरबॅकला किती वेळा घाई करायला लावली हे पाहिले होते.